टाळ्या सोलोला, कस ठेक्यात

बडी रिचबद्दलचा वाद उकरून काढायचा असेल तर जून १९५० मधलं न्यू यॉर्कचं एक रेकॉर्डिंग आधी ऐकावं. सॅक्सोफोनवर चार्ली पार्कर, ट्रंपेटवर डिझी गिलेस्पी, पियानोवर थेलोनियस मंक, बासवर कर्ली रसेल. जाझमधला बीबॉप ज्यांनी घडवला त्यांतले तिघे एकाच खोलीत. आणि त्यांच्यामागे ड्रम्सवर स्विंगच्या बिगबँडांत वाढलेला बडी रिच. निर्माता नॉर्मन ग्रँझ. हे रेकॉर्डिंग ‘बर्ड अँड डिझ’ या नावानं प्रसिद्ध आहे आणि जाणकारांत त्यावरून आजही दोन तट पडतात. मॅक्स रोचसारखा बीबॉपचा ड्रमर असताना याला का बसवलं, असं एक तट विचारतो. असा झपाटा दुसऱ्या कुणाला जमला असता, असं दुसरा.

भांडणाचं मूळ पायात आहे. स्विंगच्या जमान्यात ड्रमरच्या उजव्या पायाखालचा बास ड्रम चारही मात्रांवर चालत असे. नाचणाऱ्यांना तो हवाच असायचा. आधी केनी क्लार्कनं आणि मग रोचनं लय तिथून उचलून वरच्या राइड सिंबलवर नेली. बास ड्रम मोकळा झाला आणि भलत्याच जागी एखादा ठोका टाकून सोलो वाजवणाऱ्याला डिवचायला उपयोगी पडू लागला. रिचला हे कळत नव्हतं असं मुळीच नाही, पण त्याचा पिंड जुन्या घडणीचा. त्याच रेकॉर्डिंगमधल्या ‘लीप फ्रॉग’मध्ये पार्कर आणि गिलेस्पी आलटून पालटून एकमेकांच्या अंगावर धावून जातात, तिथे रिच त्यांना अक्षरशः पळवतो. मंकला मात्र रिकामी जागा लागते, आणि रिकामी जागा दिसली की रिचचे हात शिवशिवतात. मला विचाराल तर या एका मैफलीपुरते दोन्ही तट बरोबर आहेत.

शिवशिवणारे हात त्याला घरातूनच मिळाले. ३० सप्टेंबर १९१७ रोजी ब्रुकलिनमध्ये जन्म. आईवडील व्हॉडेव्हिलचे, म्हणजे नाच, गाणी, नकला एकाच तिकिटात दाखवणाऱ्या रंगमंचाचे कलाकार. दीड वर्षाचं पोर काठ्या घेऊन स्टेजवर आलं आणि पुढे ‘ट्रॅप्स, द ड्रम वंडर’ या नावानं गाजलं. अकराव्या वर्षी तो स्वतःचा बँड घेऊन उभा होता. रीतसर शिक्षण नाही, नोटेशन वाचता येत नाही. सराव करत नाही, हे तो अभिमानानं सांगायचा. प्रेक्षक कधी उठतो आणि कधी बसतो, एवढं मात्र त्याला चालायला लागल्यापासून ठाऊक. त्याच्या वाजवण्यात जे खटकतं आणि जे थक्क करतं, ते दोन्ही याच शाळेतून आलं.

त्याचा डावा हात जवळून पाहण्यासारखा. काठी तळव्यावर आडवी, अंगठ्याच्या बेचक्यात धरलेली, खालून अनामिकेचा आधार. जुन्या लष्करी ढोलवाल्यांची ही पकड. मनगट जवळपास स्थिर. काठी कातड्यावरून उसळते आणि बोटं तिला नुसती परत खाली धाडतात. एवढ्या भांडवलावर तो एका हातानं अखंड रोल वाजवत असे. १९६६ साली हॉलिवूडच्या ‘द शेझ’ क्लबात मुद्रित झालेल्या ‘वेस्ट साइड स्टोरी’च्या मेडलीत सोलोची वेळ येते तेव्हा थांबा. आवाजाचा चढउतार, हळू रोलमधली दाण्यादाण्याची स्वच्छता, वेग वाढतानाही न फाटणारा नाद. हे नुसतं गतीचं प्रदर्शन म्हणून झटकणाऱ्यांनी कान तपासून घ्यावेत.

तरीही माझं म्हणणं वेगळं आहे. रिचला डोक्यावर घेणारे सोलोवर बोलतात, नाकं मुरडणारेही सोलोवरच बोलतात. आपल्याकडे तबल्याच्या स्वतंत्र वादनातली तयारी पाहून माना डोलतात, पण थिरकवाँची थोरवी बालगंधर्वांच्या मागे वाजलेल्या ठेक्यातही होती, हे जुने लोक विसरत नाहीत. रिचला तेच माप लावावं.

त्याच्या बँडमध्ये नवी रचना आली की तालमीला दुसराच ड्रमर नोटेशन वाचून वाजवायचा आणि रिच समोर बसून ऐकायचा. मग स्वतः ड्रम्सवर बसायचा, आणि ट्रंपेट-ट्रॉम्बोनच्या प्रत्येक घावाची जागा त्याला पाठ झालेली असायची. पाठ म्हणजे केवळ जागा लक्षात असणं नव्हे. घाव यायच्या आधी स्नेअरवर दोन-तीन बोल असे पडत की पितळी वाद्यांच्या सबंध रांगेनं एकदम श्वास घ्यावा. घावाबरोबर सिंबल कडाडे आणि पुढच्याच मात्रेला लय मूळ जागी. विशी-पंचविशीतली पोरं त्याच्या बँडमध्ये मुरलेल्या वादकांसारखी वाजत, ती या इशाऱ्यांच्या जोरावर.

१९५९ मध्ये रोच आणि रिच समोरासमोर आले. ‘रिच व्हर्सस रोच’मध्ये संगीत-संयोजक गिगी ग्राइसनं दोघांचे बँड आमनेसामने बसवले; स्टिरिओवर एका कानात एक, दुसऱ्यात दुसरा. रोच ड्रम्सवर वाक्यं बोलतो, मधे थांबतो, तेच वाक्य उलटं फिरवतो. रिच त्याला वेगानं उत्तर देतो. सवालजवाबात मला रोच सरस वाटतो. या वादाला वर्णाची बाजूही आहे, ती टाळू नये. सॅव्हॉय या नृत्यगृहाचा राजा चिक वेब हा काळा ड्रमर १९३९ मध्ये ऐन उमेदीत गेला. छायाचित्रं, पोस्टर आणि पैसा जीन क्रुपा आणि रिच या गोऱ्यांच्या वाट्याला अधिक आला. रिच स्वतः वेबला मानत असे, हा भाग निराळा.

स्वभावाबद्दल काय सांगावं! टॉमी डॉर्सीच्या बँडमध्ये तरुण फ्रँक सिनात्राशी त्याची हातघाई झाली होती. १९४६ मध्ये त्याच सिनात्रानं त्याला बँड काढायला पैसे दिले. पुढे बँडच्या बसमध्ये वादकांवर तो आग ओकत असताना कुणीतरी चोरून टेप केलं. त्या कॅसेटी संगीतकारांत हातोहात फिरल्या, त्यातली वाक्यं ‘साइनफेल्ड’ मालिकेपर्यंत पोचली. लोक त्या हसत हसत ऐकतात. मला नाही हसू येत. समोर निमूट बसलेली पोरं पगारी नोकर होती. उत्तम बँड शिव्यांनी घडतो, हा समज त्या टेपांमुळे बळावला, आणि तो खोटा आहे. ड्यूक एलिंग्टनचा बँड अर्धशतक चालला, अशा कॅसेटीशिवाय.

मुंबईशी त्याचा एक धागा जुळतो. १९६८ मध्ये वर्ल्ड पॅसिफिकनं ‘रिच आ ला रखा’ ही ध्वनिमुद्रिका काढली. सोबत उस्ताद अल्लारखाँ, मार्गदर्शन पंडित रविशंकरांचं. खाँसाहेब तेव्हा मुंबईकर झालेले. रेडिओवर काम केलेलं, ए. आर. कुरेशी या नावानं हिंदी चित्रपटांना संगीत दिलेलं, आणि वर्षभरापूर्वीच माँटेरीच्या महोत्सवात अमेरिकेनं त्यांना ऐकलेलं. सतारीचा बोलबाला होता, कंपनीला तो विकायचा होता, हे उघड आहे. ध्वनिमुद्रिका थोर नव्हे. पण दादऱ्यातली जुगलबंदी ऐका. सहा मात्रांचं आवर्तन खाँसाहेब समेवर इतकं सहज आणून सोडतात की रिचला धावायला वावच उरत नाही. एरवी समोरच्याला गुंडाळून ठेवणारा हा माणूस इथे वाट पाहतो, ऐकतो, मग बोलतो. काही ठिकाणी तर त्यानं ढोलकही हाती घेतला आहे. दुसऱ्याच्या घरात त्याला बसायला सांगितलं, आणि तो नीट बसला.

२ एप्रिल १९८७ रोजी मेंदूतल्या गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर लॉस एंजेलिसमध्ये तो वारला. आज तरुण ड्रमर मोबाइलवर त्याचे सोलो पाहतात, सावकाश करून हात मोजतात. त्यांनी १९६७ च्या ‘बिग स्विंग फेस’मधलं ‘लव्ह फॉर सेल’ एकदा नुसतं ऐकावं, स्क्रीन बंद करून. लांबलचक सोलोची तिथे कुणाला आठवणही येत नाही. बँड जमिनीपासून वीतभर वर चालतो आणि तो कुणी उचलून धरलाय ते कळतं. रिचच्या बँडमधला सॅक्सोफोनवादक पॅट लाबार्बेरा १९७५ मध्ये एल्विन जोन्सकडे गेला. जोन्स म्हणजे रिचच्या अगदी उलट टोकाचा ड्रमर, सॅक्सोफोनवादक कोलट्रेनच्या मागे लयीचा समुद्र खवळवणारा. लाबार्बेरा तिथेही वर्षानुवर्षं टिकला. रिच आणि जोन्स या दोघांत थोर कोण, यावर रसिक तावातावानं भांडतात. लाबार्बेरानं दोघांच्याही पुढ्यात उभं राहून वाजवलं.