प्रार्थना आणि कुदळ

देवावर भार टाकायचा म्हणजे हातपाय हलवायचे नाहीत, असा एक गैरसमज आहे. ख्रिस्ती परंपरेत याकोबाचे पत्र तो सरळ खोडून काढते: ज्या विश्वासातून कृती निघत नाही, तो मेलेला विश्वास. 

इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे जॉर्ज म्यूलर यांनी 1836 मध्ये अनाथालय सुरू केले. देणगीसाठी माणसांकडे हात पसरायचा नाही, गरज प्रार्थनेत देवापुढे मांडायची, हा त्यांचा नेम. पण आलेल्या पैशाचा हिशेब ते चोख ठेवत, अहवालही छापत. पुढे त्यांच्या पाच इमारतींत दोन हजारांवर मुलांची सोय झाली.

ख्रिस्ती झालेल्या समाजसुधारक पंडिता रमाबाईंनी म्यूलर यांचे चरित्र वाचले आणि भारतातही असेच देवावर विसंबून काम का होऊ नये, असा विचार त्यांच्या मनात आला. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुलींना घेऊन आल्या. एवढ्या जणींना पोसायचे कसे, याची तजवीज आधी झालेली नव्हती. मला त्यांचा विश्वास सर्वांत स्पष्ट दिसतो तो इथेच. पुणे जिल्ह्यातील केडगावला त्यांनी विहिरी खोदल्या, शेती केली, मुलींना शिक्षण आणि हातमाग, छपाई अशी कामे शिकवली. पाण्यासाठी प्रार्थना करायची आणि कुदळही चालवायची, यात त्यांना काहीच विसंगत वाटले नाही. 

मात्र प्रत्येक मागणी पुरी होईलच, अशी हमी ही श्रद्धा देत नाही. गेथशेमाने बागेत येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. तो टळला नाही. तरी येशू उठला आणि पकडायला आलेल्यांना सामोरा गेला.