टेस्टोस्टेरॉनचा उपचार : फायदा कुणाला, धोका किती

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषाच्या शरीरातले मुख्य संप्रेरक. दाढीमिशा, आवाजाचा जाडपणा, स्नायूंची ताकद, हाडांचा टणकपणा, कामेच्छा, लाल पेशींची निर्मिती आणि शुक्राणूंची वाढ या सगळ्यांत त्याचा हात असतो. ते वृषणात तयार होते. पण किती तयार करायचे, हे मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी ठरवते. गच्चीवरची टाकी भरली की फ्लोट व्हॉल्व्ह पाणी बंद करतो, तसे रक्तातले टेस्टोस्टेरॉन पुरेसे झाले की पिट्युटरीचा हुकूम थांबतो. या उपचाराचे बरेचसे फायदे-तोटे या एका गोष्टीतून समजतात.

प्रौढ पुरुषाच्या रक्तात त्याचे प्रमाण साधारण 300 ते 1,000 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर असते. चाळिशीच्या आसपास ते दरवर्षी सुमारे एक टक्क्याने उतरू लागते. ही उतरण म्हणजे आजार नव्हे. खरी कमतरता वेगळी. क्लाइनफेल्टरसारखा जन्मजात दोष, मोठेपणी झालेल्या गालगुंडात वृषणाला आलेली सूज, कर्करोगावरची औषधे किंवा किरणोपचार, पिट्युटरीतील गाठ अशा कारणांनी संप्रेरक बनणे फार घटते किंवा थांबते. अशा रुग्णाला बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिले नाही तर हाडे ठिसूळ होतात, रक्त कमी होते, अंगातली ताकद जाते. त्याला हा उपचार बहुधा आयुष्यभर लागतो, आणि त्याबद्दल वैद्यकात दुमत नाही.

वाद आहे तो पन्नाशीतल्या, पोट सुटलेल्या, मधुमेह असलेल्या आणि सतत थकलेल्या पुरुषाबद्दल. त्याचे प्रमाण बरेचदा काठावर असते. युरोपात 40 ते 79 वयाच्या तीन हजारांहून अधिक पुरुषांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. लक्षणे आणि कमी प्रमाण या दोन्ही कसोट्यांवर उतरणारे पुरुष त्यात जेमतेम दोन टक्के निघाले. थकवा अनेकांना असतो. त्यामागे टेस्टोस्टेरॉन मात्र क्वचितच असते.

ते आहे की नाही, हे रक्ताच्या तपासणीवरून ठरते. मिरज हे दवाखान्यांचे गाव. 1894 मध्ये डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी येथे मिशन हॉस्पिटल उभे केले, 1962 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. आज सांगली-कोल्हापूरपासून बेळगाव-विजयपूरपर्यंतचे रुग्ण येथे उपचाराला येतात. अशा गावात रक्ताची तपासणी सहज होते. म्हणूनच ती नीट केली पाहिजे. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असते आणि दिवसभरात उतरते. दुपारी दिलेल्या रक्तात ते उगाच कमी दिसू शकते. तापात, जागरणानंतर किंवा ऑपरेशननंतर काही काळही ते खाली जाते. त्यामुळे सकाळी, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी केलेल्या दोन तपासण्या कमी आल्या आणि लक्षणेही असली, तरच निदान पक्के होते. लठ्ठ माणसात रक्तातील वाहक प्रथिन घटल्याने एकूण आकडा कमी दिसतो. त्याचे मुक्त टेस्टोस्टेरॉन पाहावे लागते. दोष वृषणात आहे की पिट्युटरीत, हे एलएच आणि प्रोलॅक्टिन या पिट्युटरीतल्या संप्रेरकांच्या तपासण्यांवरून कळते.

औषध तेलातल्या इंजेक्शनने, जेलने किंवा कॅप्सूलने दिले जाते. 250 मिलिग्रॅमचे मिश्र इंजेक्शन साधारण दोन-तीन आठवड्यांनी घेतात. त्याने पहिल्या काही दिवसांत रक्तातील पातळी झपाट्याने चढते आणि पुढच्या सुईपर्यंत उतरत जाते; मनाची उभारी आणि थकवाही तसाच चढतो-उतरतो. अनडेकेनोएट या प्रकाराचे 1,000 मिलिग्रॅमचे इंजेक्शन दहा ते चौदा आठवडे पुरते आणि पातळी जास्त स्थिर राहते. जेल लावल्यावर हात धुवावे लागतात आणि ती जागा झाकावी लागते. नाहीतर औषध घरातल्या बायको-मुलांच्या अंगाला लागते.

फायदा किती होतो, याचे सर्वांत स्वच्छ उत्तर 2016-17 मध्ये अमेरिकेतील टी-ट्रायल्स या चाचण्यांनी दिले. 65 वर्षांपुढच्या, खरोखर कमी प्रमाण असलेल्या 790 पुरुषांना वर्षभर जेल किंवा औषध नसलेले बनावट जेल दिले. कामेच्छा आणि लैंगिक क्रिया बऱ्यापैकी सुधारली, मन थोडे हलके झाले, हाडांची घनता वाढली, पंडुरोगही कमी झाला. स्मरणशक्ती मात्र सुधारली नाही आणि अंगातल्या उत्साहात ठळक फरक पडला नाही. हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील थर टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांत जास्त वाढलेला आढळला.

हृदयाला धोका असल्याची शंका त्याआधीचीच होती. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेली अशक्त वृद्धांवरील एक चाचणी हृदयविकाराच्या घटना वाढल्याने मध्येच थांबवावी लागली होती. 2015 मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने वेष्टनावर इशारा छापायला लावला. मग ट्रॅव्हर्स ही मोठी चाचणी झाली. हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा धोका असलेल्या, 45 ते 80 वयाच्या 5,200 हून अधिक पुरुषांवरील तिचे निष्कर्ष 2023 मध्ये आले. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत 7.0 टक्के आणि न घेणाऱ्यांत 7.3 टक्के होते, म्हणजे जवळपास सारखे. पण औषध घेणाऱ्यांत हृदयाचे ठोके अनियमित होणे, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणे आणि मूत्रपिंडाला अचानक इजा होणे हे जास्त आढळले. शिवाय निम्म्याहून अधिक जणांनी औषध मध्येच सोडले आणि सरासरी पाठपुरावा 33 महिन्यांचाच झाला. दहा-वीस वर्षांची हमी त्यातून मिळत नाही. 2025 मध्ये अमेरिकी प्रशासनाने हृदयाबद्दलची भाषा सौम्य केली, मात्र रक्तदाब वाढण्याचा इशारा या सर्व औषधांना लागू केला.

हाडांबाबतचा निष्कर्ष अनपेक्षित निघाला. घनता वाढते, तर हाडे मोडणेही कमी होईल असे वाटत होते. पण ट्रॅव्हर्स चाचणीतच फ्रॅक्चर औषध घेणाऱ्यांत 3.5 टक्के आणि इतरांत 2.5 टक्क्यांच्या आसपास आढळले. मधुमेहाचेही उत्तर सरळ नाही. ऑस्ट्रेलियात सुमारे हजार पुरुषांना आहार-व्यायामाच्या कार्यक्रमाबरोबर दोन वर्षे टेस्टोस्टेरॉनची किंवा बनावट इंजेक्शने दिली, तेव्हा बनावट इंजेक्शने घेणाऱ्यांत 21 टक्क्यांना, तर टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांत 12 टक्क्यांना मधुमेह आढळला. त्यांतल्या बहुतेकांचे टेस्टोस्टेरॉन फारसे कमी नव्हते, आणि मार्गदर्शक तत्त्वांनुसार मधुमेह टाळण्यासाठी हे औषध देत नाहीत.

रोजच्या व्यवहारात सर्वांत जास्त आढळणारा दुष्परिणाम म्हणजे रक्त घट्ट होणे. टेस्टोस्टेरॉन लाल पेशी वाढवते. रिपोर्टमधील हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील लाल पेशींचा वाटा, 54 टक्क्यांवर गेले की औषध थांबवावे किंवा मात्रा कमी करावी लागते. इंजेक्शनांनी ते जेलपेक्षा जास्त चढते. सिगारेट आणि झोपेत श्वास अडकणे यांनी त्यात भर पडते.

प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाची भीती 1941 पासूनची आहे. टेस्टोस्टेरॉन काढून घेतले की प्रोस्टेटचा कर्करोग आक्रसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी तेव्हा दाखवले. ट्रॅव्हर्समध्ये नव्या कर्करोगांचे प्रमाण दोन्ही गटांत अत्यल्प आणि सारखेच होते. तरीही ज्याला हा कर्करोग आहे किंवा ज्याच्या रक्तात पीएसए हे प्रोस्टेटचे प्रथिन वाढलेले आहे, त्याला सहसा हे औषध देत नाहीत.

तरुणांनी सर्वांत आधी विचार करायचा तो संततीचा. बाहेरून संप्रेरक मिळाले की पिट्युटरीचा हुकूम थांबतो, वृषण लहान होते आणि शुक्राणू घटतात. हा परिणाम इतका पक्का आहे की जागतिक आरोग्य संघटनेने साप्ताहिक टेस्टोस्टेरॉनची पुरुषांचे गर्भनिरोधक म्हणून चाचणी घेतली होती. औषध सोडल्यावर शुक्राणू परतायला बहुतेकांना सहा महिने ते वर्ष लागते, काहींना दोन वर्षे. मूल हवे असलेल्या पुरुषाला म्हणूनच एचसीजी किंवा क्लोमिफेनसारखी दुसरी औषधे दिली जातात. जिममध्ये किंवा तालमीत ओळखीच्याने दिलेली सुई हा उपचार नव्हे. तिथली मात्रा कित्येक पट असते आणि ती अचानक बंद केली की शरीरात काही महिने टेस्टोस्टेरॉन फारसे बनत नाही.

काठावरच्या पुरुषासाठी आधीचा मार्ग दुसरा आहे. वजन उतरवले, दारू कमी केली आणि घोरण्यामागच्या झोपेच्या विकारावर उपचार केले, तर अनेकांचे टेस्टोस्टेरॉन आपोआप वाढते. एवढे करूनही दोन सकाळच्या तपासण्या कमी येत असतील आणि लक्षणे ठळक असतील, तर एंडोक्रायनॉलॉजिस्ट किंवा युरॉलॉजिस्टच्या सल्ल्याने उपचार सुरू करावा. सुरुवातीला आणि मग तीन ते सहा महिन्यांनी टेस्टोस्टेरॉन, हिमॅटोक्रिट, पीएसए आणि रक्तदाब तपासावा, पुढे दरवर्षी. वर्षभरात ठरवलेला फायदा दिसला नाही तर औषध थांबवावे. खऱ्या कमतरतेत हा उपचार आयुष्य सावरतो. नुसत्या वयावर तो उतारा नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आणि रक्त तपासल्याशिवाय टेस्टोस्टेरॉनची एकही सुई घेऊ नये.