चिनी वैद्यक आणि दुर्धर व्याधी : कसोटीला उतरले ते कोणते?

यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी हे अरुणावती नदीकाठचे तालुक्याचे ठिकाण. कापसाच्या या मुलखात वेचणी, निंदणी आणि ओझी वाहणे यांत आयुष्य गेलेल्या माणसांना कंबरदुखी व गुडघेदुखी नवी नाही. त्यात आता मधुमेह व रक्तदाब यांसारख्या जन्मभराच्या व्याधींची भर पडली आहे. आजार जितका जुना, तितकी उपायांची शोधाशोध अधिक. अशा वेळी सुया टोचून वा चिनी वनौषधी देऊन असाध्य रोग बरे करण्याचा दावा करणारा कोणी भेटला, तर रुग्णाचे नातलग गावातील शिक्षकाला किंवा पंचायत सदस्याला विचारतात. त्या प्रश्नाचे उत्तर सरसकट ‘होय’ किंवा ‘नाही’ असे देता येत नाही.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध जुना आहे. १९३८ साली जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीस भारतातून पाच डॉक्टरांचे पथक गेले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि विदर्भातील नागपूरचे डॉ. चोळकरही होते. या मंडळींनी तिकडे नेली ती आधुनिक शस्त्रक्रिया. उलट दिशेची देवघेव घडली ती याच पथकातील डॉ. विजयकुमार बसू यांच्यामुळे. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, तेथे अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ही पद्धती सुरू केली.

चिनी वैद्यकाची मांडणी आपल्या वाचकाला फारशी परकी वाटू नये. शरीरात ‘ची’ नावाची प्राणशक्ती ठराविक मार्गांनी वाहते, यिन आणि यांग या परस्परविरोधी तत्त्वांचा तोल ढळला म्हणजे व्याधी होते, अशी ती धारणा आहे. नाडी व जीभ पाहून निदान आणि सुया, शेक, आहार व काढे यांनी उपचार, असा तिचा क्रम. हे मार्ग शरीरशास्त्राला आढळलेले नाहीत. तथापि, एखाद्या उपचाराची उपपत्ती न पटणारी असली, तरी त्याचा गुण येतो की नाही हा प्रश्न निराळा असून तो रुग्णांवरील काटेकोर चाचणीनेच सुटतो.

अशा चाचणीचे सर्वांत ठळक उदाहरण हिवतापाचे आहे. चीनमध्ये १९६७ साली हिवतापावरील औषधाच्या शोधासाठी एक गुप्त प्रकल्प सुरू झाला. त्यात श्रीमती तू यूयू यांच्या गटाने जुने वैद्यकग्रंथ चाळले. चौथ्या शतकातील गे होंग या वैद्याने छिंगहाव ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यावा असे लिहून ठेवले होते. उकळण्याचा उल्लेख त्यात नव्हता. (ही वनस्पती आपल्याकडील दवण्याच्याच कुळातली.) उष्णतेने गुण नष्ट होत असावा, हे श्रीमती तू यांच्या ध्यानी आले. त्यांनी कमी तापमानाला ईथरमध्ये अर्क काढला. प्राण्यांवर प्रयोग झाल्यावर तो प्रथम स्वतः घेतला आणि १९७२ साली आर्टेमिसिनिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. या कार्याबद्दल २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आर्णीच्या रुग्णाला फाल्सिपेरम हिवताप झाला, तर सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या संयुक्त गोळ्यांत याच द्रव्यापासून बनलेले औषध असते. मात्र ते मोजलेल्या मात्रेत असते. त्या पाल्याचा चहा करून पिणे हा उपचार नव्हे.

सोमलाची कथाही अशीच. हार्बिन येथील डॉक्टरांनी १९७० नंतरच्या दशकात सोमलाच्या संयुगाचा उपयोग रक्ताच्या कर्करोगाच्या एका विशिष्ट प्रकारावर करून पाहिला. आज त्या प्रकारावर ते जगभर मान्य औषध आहे. ते रुग्णालयात, हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून, शिरेतून दिले जाते. घरी खाल्लेला सोमल विषच ठरतो.

वनस्पतीजन्य औषध निरुपद्रवी असते, या समजुतीला बेल्जियममध्ये जबर किंमत मोजावी लागली. १९९० नंतर तेथे वजन घटविण्यासाठी दिलेल्या चिनी औषधात एका मुळीच्या जागी अरिस्टोलोकिया कुळातील मुळी आली आणि शंभरावर स्त्रियांची मूत्रपिंडे बिघडली. त्यांतील कित्येकींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. आपल्याकडील सापसण ही वेल याच कुळातील आहे, हे ध्यानात घ्यावे.

सुयांच्या उपचाराविषयी सांगायचे तर जुनाट कंबरदुखी, गुडघेदुखी, अर्धशिशी आणि कर्करोगाच्या औषधांनी होणारी मळमळ यांत काही रुग्णांना आराम पडतो. सुई निर्जंतुक व एकदाच वापरायची असावी, ही पहिली अट. परंतु सुयांनी कर्करोगाची गाठ विरत नाही आणि क्षयाचे जंतू मरत नाहीत. मधुमेहावरील इन्सुलिनची जागाही त्या घेऊ शकत नाहीत. क्षयाचा औषधोपचार मध्येच सोडल्यास जंतू औषधांना दाद देईनासे होतात आणि तो धोका साऱ्या घराला पोहोचतो.

कायद्याची बाजू पंचायत सदस्यांनी जाणून घ्यावी अशी आहे. केंद्र शासनाने २००३ साली अ‍ॅक्युपंक्चरला उपचाराची एक रीत म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्राने यासंबंधी २०१५ चा स्वतंत्र अधिनियम केला असून त्यात परिषद व व्यावसायिकांची नोंदणी यांची तरतूद आहे. तेव्हा गावात शिबिर भरविण्यास कोणी जागा मागितली, तर प्रथम नोंदणीचा दाखला पाहावा. कर्करोग, मधुमेह, अर्धांगवायू, क्षय असे रोग बरे करण्याची जाहिरात करणे १९५४ च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे, मग औषध चिनी असो वा देशी. अशी पत्रके वाटली जात असल्यास त्यांची प्रत जपून ठेवावी व तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्यावी. आणि रुग्ण अगोदरच अशी पुडी घेत असेल, तर ती लपवू न देता ग्रामीण रुग्णालयातील किंवा यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांना दाखविण्यास सांगावे.