डोक्याला मार आणि मनगटावरचा आकडा

31 जानेवारी 2025, गहुंजेचं मैदान, भारत-इंग्लंड टी-20. भारताच्या डावाच्या शेवटच्या षटकात जेमी ओव्हर्टनचा चेंडू शिवम दुबेच्या हेल्मेटवर आदळला. दुबेची शुद्ध गेली नाही, पुढचा चेंडूही तो खेळला. डोकं दुखत असल्याचं समजलं ते डाव संपल्यावर. मग बदली म्हणून हर्षित राणा आला आणि त्याने तीन बळी घेतले. फलंदाजी करणाऱ्याच्या जागी वेगवान गोलंदाज कसा, यावर मग भरपूर भांडणं झाली. दुखणं उशिरा का जाणवलं, हे मात्र कुणी फारसं विचारलं नाही.

शिरूर-दौंडकडे कबड्डीत किंवा यात्रेतल्या कुस्त्यांच्या हगाम्यात डोकं आपटलं, की पहिला प्रश्न येतो, ‘शुद्ध गेली होती का?’ नाही म्हटलं की तोंडावर पाण्याचा हबका आणि गडी पुन्हा आत. पण मेंदूला हादरा बसलेल्या बहुतेक खेळाडूंची शुद्ध जातच नाही. गरगरणं, उजेड नकोसा होणं, डाव न आठवणं हे कधी कधी काही तासांनी सुरू होतं. ‘सीटी स्कॅन नॉर्मल आहे’ हाही अर्धाच दिलासा. त्यात रक्तस्राव नि कवटीचं फ्रॅक्चर दिसतं, पेशींच्या कामातला बिघाड दिसत नाही.

त्यात आता स्मार्ट वॉच आलं. भरतीसाठी पळणारी पोरंही त्यातला ‘एचआरव्ही’, म्हणजे दोन ठोक्यांमधल्या अंतराचा चढउतार, बघतात. ठोके जितके एकसारखे तितकं हृदय ठणठणीत, हा समज उलटा आहे. मिनिटाला 60 ठोके असले, तरी दोन ठोक्यांमधलं अंतर कधी 940, कधी 1060 मिलिसेकंद भरतं. श्वास आत घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांबतात. हा लगाम मेंदूकडून येणाऱ्या वेगस मज्जातंतूच्या हाती असतो. म्हणूनच डोक्याला मार बसल्यावर काही खेळाडूंत हा चढउतार घटलेला आढळला, विशेषतः व्यायाम करताना. काहींत तर त्रास थांबल्यावरही.

पण सगळ्या अभ्यासांचं उत्तर एक नाही. शिवाय जागरण, ताप, दारू, सामन्याची धाकधूक, यांतल्या कशानेही तोच आकडा पडतो. त्यामुळे घड्याळ हादऱ्याचं निदान करू शकत नाही, आणि आकडा चांगला आहे म्हणून खेळाडूला आत सोडणं तर त्याहून धोक्याचं. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, आकडी, गुंगी, हातापायांतली कमजोरी, यांपैकी काहीही दिसलं तर थेट 108 वर फोन.

बाकीच्यांना पूर्वी अंधाऱ्या खोलीत पडून राहायला सांगत. 2022 च्या ॲमस्टरडॅम परिषदेतल्या तज्ज्ञांचा सल्ला वेगळा आहे. पहिले 24 ते 48 तास आराम आणि मोबाइल कमी, पण त्रास फारसा वाढत नसेल तर थोडं चालणं चालतं; मग हलकी सायकल. पुढे पळणं, एकट्याचा सराव. दर पायरीला निदान एक दिवस. पकडीचा सराव डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच. मार बसण्याआधीच्या सकाळच्या नोंदी हाताशी असतील, तर एचआरव्ही इथे थोडा कामी येतो: त्या खेळाडूचा आजचा आकडा त्याच्याच जुन्या आकड्यांशी ताडायचा, शेजारच्या पोराच्या आकड्याशी नाही.