संगणकाच्या राखणदाराची नोंदवही



ऊस नोंद, तोडणीची तारीख, वजनपावती, बँकेत जमा झालेले बिल या गोष्टी आता कित्येक घरांत संगणकावर पाहिल्या जातात. तेव्हा पिकाइतकीच संगणकाचीही राखण करणे आले. विंडोज प्रणालीत 'फायरवॉल' नावाचा राखणदार असतो. २००४ साली एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून तो मुळातच चालू असा मिळू लागला. कोणाला आत सोडले, कोणाला अडविले याची नोंद तो ठेवू शकतो. ती वाचायची कशी, ते आज पाहू.

वही कोठे असते?

ही वही सुरुवातीला बंद असते. फायरवॉलच्या प्रगत सेटिंगमध्ये 'प्रॉपर्टीज'मधील 'लॉगिंग' या जागी जाऊन अडविलेल्यांची नोंद चालू करावी लागते. मग विंडोजच्या फोल्डरमध्ये 'पीफायरवॉल डॉट लॉग' ही फाईल भरू लागते. तिची मर्यादा साधारण ४ एमबी असते. ती भरली की जुनी बाजूला ठेवून नवी वही सुरू होते.

रकाने कसे वाचावेत?

वजनपावतीवर गाडी कोणाची, ऊस कोणत्या गटाचा, वजन किती असे रकाने असतात ना, तसेच हे. एक नोंद बघा :

१०:४२:०७ ड्रॉप टीसीपी १९२.१६८.१.७ १९२.१६८.१.३ ५१२३४ ४४५

आधी वेळ. नंतर 'ड्रॉप' म्हणजे अडविले. 'अलाऊ' असेल तर सोडले. 'टीसीपी' ही वाहतुकीची रीत. पुढे पहिला पत्ता पाठविणाऱ्याचा, दुसरा घेणाऱ्याचा. शेवटचे दोन आकडे दरवाजांचे, म्हणजे पोर्टचे. ओळीच्या शेवटाकडे 'रिसीव्ह' असेल तर माल येणारा, 'सेंड' असेल तर जाणारा.

१९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारे पत्ते घरातल्या वा कचेरीतल्या जाळ्याचे असतात. वरची नोंद घरातल्याच दुसऱ्या यंत्राची आहे. त्याने ४४५ या दरवाजावर, म्हणजे फाईल वाटपाच्या दारावर, टकटक केली आणि राखणदाराने त्याला परत पाठविले.

घाबरावे कशाला, कशाला नाही?

वही उघडली की शेकडो 'ड्रॉप' दिसतात आणि माणूस हबकतो. पण 'ड्रॉप' म्हणजे चोरी झाली असे नव्हे, दार उघडलेच नाही असा त्याचा अर्थ. १३७, १३८, १९००, ५३५३ या दारांवरचा गलबला बहुधा घरातले प्रिंटर, टीव्ही, मोबाईल एकमेकांना हाका मारतात त्याचा असतो. बाहेरच्या पत्त्याच्या ४४३ वरून आलेली नोंद बहुतेक वेळा एखाद्या वेबसाईटचे उशिरा पोचलेले उत्तर असते.

लक्ष कशाला द्यावे? घरातलेच एक यंत्र पुन्हा पुन्हा ४४५ किंवा ३३८९ वर टकटक करीत असेल तर आधी ते यंत्र तपासावे. ३३८९ हे दुरून संगणक चालविण्याचे दार आहे. एका बेटातला रोग शेजारच्या सरीत पसरतो तसेच हे. १२ मे २०१७ रोजी पसरलेली 'वॉनाक्राय' ही कीड ४४५ याच दारातून शिरत होती. तिच्यावरील औषध, म्हणजे विंडोजचे अपडेट, त्याच वर्षी मार्चमध्ये निघाले होते. ज्यांनी ते वेळेवर घातले, त्यांच्या यंत्रांत तिला त्या वाटेने शिरता आले नाही.

खरा धोका

काही ठग फोन करतात, "तुमच्या संगणकावर हल्ला चालू आहे, नोंदी उघडून बघा" म्हणतात. समोर तांबड्या खुणा आणि न कळणाऱ्या ओळी दिसल्या की माणूस खचतो. मग "हे ॲप घ्या, आम्ही दुरुस्त करतो" अशी गळ घालतात. ते ॲप घेतले की घरधन्यानेच फाटक उघडले! विंडोजचा राखणदार बाहेर जाणाऱ्याला सहसा अडवीत नाही, त्यामुळे या चोरीची 'ड्रॉप' म्हणून ओळही पडत नाही. वही स्वच्छ आणि खाते मोकळे, अशी गत होते.

म्हणून एवढे कराच :

१. फायरवॉल कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका.
२. अपडेट आले की घाला. पाणी-पाळी चुकवत नाही, तसे हेही चुकवू नका.
३. अनोळखी माणसाला फोनवर ओटीपी सांगू नका, आपला पडदा दाखवू नका.
४. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या क्रमांकावर कळवा आणि बँकेलाही सांगा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडविण्याची शक्यता जास्त.

घामाच्या उसाचे पैसे आहेत हे. नोंदवही वाचता येणारा सभासद कोणाच्या धाकाला बळी पडत नाही. घरातल्या मुला-मुलींना जवळ बसवून एकदा ती वही उघडून पाहाच, अशी आमची विनंती आहे.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग