मीठ बघायला शेजारीण

चिपळूणकडचं एक तरुण जोडपं नोकरीसाठी सिंगापूरला राहतं. आठवडाभर दोघांचा इफ्तार दोन ठिकाणी होतो. तो ऑफिसातच रोजा सोडतो. ती स्टेशनाबाहेर थांबून खजूर तोंडात टाकते. गावी सहरीला शेजारून हाक यायची. इथे मोबाइलचा गजर. माणसांत यायचं ते शनिवार-रविवारीच.

शनिवारी दोघं सुलतान मशिदीत जातात. १९३२ मध्ये बांधून झालेल्या या मशिदीच्या सोनेरी घुमटाच्या तळाशी एक काळा पट्टा दिसतो. तो काचेच्या बाटल्यांच्या बुडांचा आहे. गरिबांचाही बांधकामाला हात लागावा, म्हणून त्यांच्याकडून या बाटल्या घेतल्या होत्या. रमजानात इथल्या अनेक मशिदींत तांदळाची मसालेदार पेज वाटतात, तिला 'बुबुर' म्हणतात. रांगेत कोण कुठला, हे कुणी विचारत नाही.

रविवारी इफ्तार घरी. ती सांदणं आणि मटणाचा रस्सा करते. पण रोज्यात मीठ कसं बघणार? समोरच्या फ्लॅटमधल्या साताऱ्याच्या वहिनी येतात, थेंबभर रस्सा तळहातावर घेतात. "अजून चिमूटभर घाल गं!"

सातच्या सुमारास मगरिब होते. वहिनींचं कुटुंब आणि शेजारचं मलय जोडपं एकाच दस्तरखानावर बसतं. तेवढ्यात चिपळूणहून आईचा फोन, "एकटीच आहेस ना गं तिकडे?"

"एकटी कुठे, अम्मी? आज मीठ वहिनींनी बघितलंय."