फ्युएल फिल्टर पंपाच्या आधी की नंतर? जुन्या कारमध्ये ‘जादा फिल्टर’ बसवण्याआधी हे वाचा

जुनी पेट्रोल कार चढावर धापा टाकू लागली, की गॅरेजमध्ये अनेकदा एक सोपा उपाय सुचवला जातो. टाकीजवळच्या पाइपमध्ये एक जादा फिल्टर टाकायचा. पारदर्शक प्लास्टिकची छोटी डबी, दोन क्लिपा, थोड्या वेळाचे काम. कार्बोरेटरच्या गाडीत हे खपून जाते. एमपीएफआय गाडीत मात्र हीच स्वस्त डबी पंप निकामी करू शकते आणि पेट्रोल गळू लागल्यास आगीचा धोकाही संभवतो.

मग फिल्टरची योग्य जागा कोणती?

पंपाला इंधन पुढे ढकलणे सोपे जाते, मागून ओढणे अवघड. ओढताना पंपाच्या तोंडाशी दाब कमी होतो. पेट्रोलची वाफ मुळातच लवकर होते. दाब घटला की त्यात बुडबुडे तयार होतात आणि पंपात इंधनाऐवजी वाफ शिरते. टाकीतल्या विजेवरच्या पंपाला थंड ठेवण्याचे कामही पेट्रोलच करते, त्यामुळे ते कमी पडले की पंप तापतो. म्हणून पंपाच्या आधी फक्त जाडसर जाळी असते. बारीक गाळणी पंपानंतर, इंजेक्टरच्या आधी. तिथे दाब भरपूर असल्याने साधारण १० मायक्रॉनचे कण अडवणाऱ्या कागदातूनही पेट्रोल आरपार जाते. (माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.)

कार्बोरेटरच्या गाडीत हा दाब जेमतेम पाव ते अर्धा बार असतो. एमपीएफआयमध्ये तो ३ बार किंवा त्याहून अधिक. प्लास्टिकची ती डबी एवढ्या दाबासाठी बनवलेलीच नसते. पंपाच्या पुढे लावली तर फुटण्याची भीती, मागे लावली तर पंपाची उपासमार.

डिझेल गाडीचे गणित वेगळे आहे. कॉमन रेल इंजिनात दाब १६०० बारच्याही पुढे जातो आणि हा दाब देणाऱ्या पंपाचे भाग इतके काटेकोर बसवलेले असतात, की बारीक कणही त्यांना चरे पाडतात. त्यामुळे इथे मुख्य फिल्टर या पंपाच्या आधीच लागतो. त्याला आणखी एक काम असते, ते म्हणजे पाणी वेगळे करणे. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी साचते आणि खालच्या स्क्रूमधून काढता येते. हा फिल्टर अनेक गाड्यांत बॉनेटखाली, हात पोहोचेल असा असतो, तो यासाठीच.

सध्याच्या २० टक्के इथेनॉल मिश्रित पेट्रोलमुळे जुन्या गाड्यांत हा विषय अधिक महत्त्वाचा झाला आहे. इथेनॉल ओल शोषते आणि टाकीत वर्षानुवर्षे बसलेला थर सुटा करते. तो मूळ फिल्टरमध्येच अडकतो. अशा वेळी दुसरा जोडण्यापेक्षा पहिला बदलणे शहाणपणाचे.

अर्थात, अनेक नव्या पेट्रोल कारमध्ये फिल्टर टाकीतच, पंपासोबत एकत्र बसवलेला असतो आणि तो सहसा मागच्या सीटखालून काढावा लागतो. बिलात ‘फ्युएल फिल्टर बदलला’ असे लिहिले असेल, तर जुना फिल्टर दाखवायला सांगावे.

बाहेरचा फिल्टर असेल तर त्यावरचा बाण इंजिनच्या दिशेने आहे ना आणि तो तापणाऱ्या सायलेन्सरच्या पाइपपासून लांब आहे ना, हेही तपासावे. एमपीएफआयच्या पाइपमध्ये इंजिन बंद केल्यावरही दाब राहतो, त्यामुळे क्लिप घरी स्वतः सोडू नये.